स्टोमाभोवतीची त्वचा : निगा आणि दक्षता

मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग, आतड्यातील अडथळा, आतडे फुटणे, अपघातातील इजा, मूत्राशयाचा कर्करोग अशा कारणांनी काही रुग्णांच्या पोटावर मल किंवा मूत्र बाहेर पडण्यासाठी नवे द्वार करावे लागते. या द्वाराला स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्याचा असेल तर कोलोस्टोमी, लहान आतड्याचा असेल तर इलिओस्टोमी आणि मूत्रमार्गाचा असेल तर युरोस्टोमी. काहींचा स्टोमा काही महिन्यांनी बंद करता येतो, काहींना तो आयुष्यभर सांभाळावा लागतो. शस्त्रक्रिया शल्यविशारद करतात, पिशवी लावण्याचे प्राथमिक शिक्षण रुग्णालयातील सिस्टर देतात. परंतु त्यानंतरचे सर्व दिवस घरी जातात, आणि त्या दिवसांचे सुख किंवा दुःख बहुतांशी एकाच गोष्टीवर अवलंबून असते. ती म्हणजे स्टोमाभोवतीची तळहाताएवढी त्वचा.

ही त्वचा निरोगी असेल तर पिशवी घट्ट बसते, रुग्ण रात्री शांत झोपतो, लग्नकार्याला जातो, देवळात जातो. ती सोलवटली की चकती चिकटत नाही. चकती चिकटली नाही की गळती होते. आणि गळती झाली की त्वचा आणखी सोलवटते. हे चक्र एकदा सुरू झाले की रुग्ण प्रथम बाहेर जाणे सोडतो, मग पाहुण्यांसमोर येणे सोडतो, आणि शेवटी पिशवी भरू नये म्हणून जेवण सोडतो. त्वचेच्या तक्रारीतून उपासमारीपर्यंतचा हा प्रवास पिंपरी-चिंचवडसारख्या शहरातही घडतो. म्हणून हा विषय केवळ मलमपट्टीचा नाही.

निरोगी स्टोमा कसा दिसतो?

निरोगी स्टोमा लाल, ओलसर आणि चकचकीत असतो. ओठांच्या आतील बाजूसारखा. त्याला स्पर्शाची वेदना नसते, कारण आतड्याच्या अस्तरात तशा संवेदना नसतात. पुसताना रक्ताचा एखादा थेंब दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. ते अस्तर नाजूक असते.

स्टोमाभोवतीची त्वचा मात्र पोटाच्या दुसऱ्या बाजूच्या त्वचेसारखीच दिसली पाहिजे. हीच सर्वांत सोपी कसोटी. चकती बदलताना डावी आणि उजवी बाजू शेजारी ठेवून पाहावी. पुस्तकांत ‘त्वचा लाल होते’ असे लिहिलेले असते. आपल्या सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर ती लाली पुष्कळदा दिसतच नाही. आपल्याकडे दाह झालेली त्वचा गडद, जांभळट, चकाकणारी किंवा ओलसर दिसते, हाताला गरम लागते, तिला खाज सुटते किंवा ती चुरचुरते. लालीची वाट पाहत बसू नये. खाज किंवा चुरचुर ही पहिली सूचना मानून चकती काढावी आणि खाली पाहावे. ‘कालच लावली आहे, आणखी दोन दिवस काढू’ हा विचार महागात पडतो.

त्वचा बिघडते कशामुळे?

बहुतेक वेळा कारण एकच असते : आतून येणारा स्राव त्वचेला लागणे. लहान आतड्यातील स्राव पातळ, अल्कधर्मी आणि पाचकरसांनी युक्त असतो. अन्नातील प्रथिने पचवणे हे त्या रसांचे काम. त्वचाही प्रथिनांचीच बनलेली असल्याने ते तिच्यावरही तेच काम करतात. म्हणून इलिओस्टोमीच्या रुग्णाची त्वचा काही तासांतही सोलवटू शकते. कोलोस्टोमीतील मल घट्ट असल्यास त्रास कमी होतो. युरोस्टोमीत सततच्या ओलाव्याने त्वचा फुगते, पांढुरकी आणि मऊ पडते.

स्राव त्वचेपर्यंत पोहोचतो तो प्रामुख्याने चकतीचे छिद्र मोठे असल्यामुळे. शस्त्रक्रियेनंतर स्टोमाला सूज असते. पुढील सहा ते आठ आठवड्यांत ती उतरते आणि स्टोमा बराच आक्रसतो. घरी मात्र रुग्णालयातून आणलेल्या मापानेच चकती कापली जाते. मग स्टोमा आणि चकती यांच्यामध्ये उघड्या त्वचेचे एक कडे राहते आणि ते दिवसरात्र स्रावात भिजत राहते.

सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ मे महिन्यात चक्कर येते म्हणून दवाखान्यात आले होते. उमेदीची वर्षे कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलेली. गुदाशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेबरोबर तात्पुरती इलिओस्टोमी केली होती, त्याला दोन-अडीच महिने झाले होते. पिशवी गळते म्हणून त्यांनी जेवण एका वेळेवर आणले होते, पाणीही मोजून पीत होते. रक्तदाब खाली आला होता, जीभ कोरडी पडली होती. चकती काढली तेव्हा स्टोमाभोवती बोटभर रुंदीचे ओले, सोललेले कडे दिसले. त्यांच्या पत्नी पहिल्या दिवसापासून एकच बांगडी चकतीवर ठेवून, पेनने गोल आखून छिद्र कापत होत्या. मधल्या काळात स्टोमा लहान झाला होता, बांगडी तेवढीच राहिली होती. मापाची पट्टी लावून दोन्हींतील फरक दाखवला तेव्हा ते गृहस्थ पत्नीला म्हणाले, “अगं, एवढ्या गॅपमध्ये कुठलं गॅस्केट टिकेल?” त्यांना अधिक समजावण्याची गरज उरली नाही. योग्य मापाची चकती, सोललेल्या भागावर स्टोमा पावडर, क्षार-साखरेचे पाणी आणि पूर्ववत जेवण एवढ्यावर दोन आठवड्यांत त्वचा भरून आली. कर्करोगाच्या उपचारांत त्यांनी धीर सोडला नव्हता. तो सुटत चालला होता या काही मिलिमीटरांच्या फटीमुळे.

माप घेण्याची रीत

पिशव्यांच्या खोक्यात बहुधा गोल छिद्रांची मापपट्टी असते. पहिले दोन महिने दर आठवड्याला आणि त्यानंतर अधूनमधून स्टोमाचे माप घ्यावे. वजन वाढले किंवा घटले, स्टोमाभोवती फुगवटा आला, तर पुन्हा घ्यावे. चकतीचे छिद्र स्टोमापेक्षा सर्व बाजूंनी सुमारे 2 ते 3 मिलिमीटर मोठे असावे. याहून मोठे असल्यास त्वचा भिजते. फार घट्ट असल्यास कडेने स्टोमाला इजा होते. स्टोमा लांबट असेल तर छिद्रही लांबटच कापावे. एकदा आकार जमला की तो जाड कागदावर उतरवून, त्यावर तारीख घालून ठेवावा. तारीख जुनी झाली की कागद टाकून द्यावा.

चकती बदलण्याची पद्धत

सकाळी काही खाण्यापिण्यापूर्वीची वेळ उत्तम, कारण तेव्हा स्राव कमी असतो. सर्व साहित्य आधी जवळ मांडावे आणि नवी चकती आधीच कापून ठेवावी.

1. पिशवी रिकामी करावी. एका हाताने त्वचा खाली दाबून धरावी आणि दुसऱ्या हाताने चकती वरून खाली सावकाश सोडवावी. ओढून काढल्यास त्वचेचा वरचा थर तिच्याबरोबर निघतो. चिकटून बसली असेल तर कोमट पाण्याने भिजवलेले फडके कडेने फिरवावे. डिंकाचे डाग काढण्यासाठी थिनर, पेट्रोल किंवा रॉकेल कधीही वापरू नये. कारखान्यांच्या या पट्ट्यात थिनर सहज हाती लागते, म्हणून हे मुद्दाम सांगावे लागते.

2. काढलेली चकती उलटी करून पाहावी. डिंक कोणत्या बाजूला विरघळला आहे, मल कोठून आत शिरला आहे, हे तिच्या मागच्या बाजूवर स्पष्ट दिसते. दर वेळी एकाच बाजूने गळत असेल तर तेथे घडी किंवा खळगा आहे असे समजावे.

3. कोमट साधे पाणी आणि मऊ सुती कापड यांनी त्वचा पुसावी. डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट, सुगंधी साबण, ओले पुसकागद यांची गरज नाही. त्यांनी त्वचा कोरडी पडते किंवा चुरचुरते. खोबरेल तेल, तूप, कोरफड, हळदीचा लेप यांपैकी काहीही लावू नये. तेलकट पृष्ठावर चकती टिकत नाही. अंगाला लावायची टाल्कम पावडरही नको.

4. त्वचा पूर्ण कोरडी होऊ द्यावी. घासू नये, टिपावे. केस असल्यास कात्रीने किंवा ट्रिमरने बारीक करावेत. वस्तऱ्याने ओरखडे पडतात आणि केसांच्या मुळाशी पुरळ येतात.

5. सोललेला ओला भाग असेल तरच त्यावर स्टोमा पावडर भुरभुरावी आणि जास्तीची झटकून टाकावी. त्वचा बरी झाली की पावडर थांबवावी.

6. खळगा किंवा घडी असेल तर स्टोमा पेस्टने किंवा वर्तुळाकार सीलने ती भरून काढावी. पेस्ट म्हणजे गोंद नव्हे, ती भेग बुजवण्यासाठी आहे. पुष्कळ पेस्टमध्ये अल्कोहोल असते, त्यामुळे सोललेल्या त्वचेवर ती झोंबते. तेथे अल्कोहोलविरहित सील बरा.

7. चकती लावल्यावर तिच्यावर तळहात एक-दोन मिनिटे ठेवावा. उबेमुळे डिंक मऊ होऊन नीट बसतो.

पिशवी एकतृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करावी. भरलेल्या पिशवीच्या वजनाने चकती सुटते. चकती साधारणपणे तीन-चार दिवसांनी बदलावी. त्वचा उत्तम असेल तर काहींची आठवडाभरही टिकते. मात्र गळती किंवा खाज असेल तर दिवस मोजू नयेत.

दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. गळती दिसली की वरून चिकटपट्टी लावणे ही पहिली. त्यामुळे डाग दिसत नाही, पण स्राव त्वचेवर कोंडला जातो. वायू बाहेर पडावा म्हणून पिशवीला टाचणीने भोक पाडणे ही दुसरी. तिने दुर्गंधी आणि गळती दोन्ही वाढतात. त्यापेक्षा वायूसाठी गाळणी असलेली पिशवी मागावी.

ऊन, पावसाळा आणि पाळ्या

एप्रिल-मे महिन्यांत घामाने डिंक लवकर विरघळतो. पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्यास किंवा पत्र्याच्या घरात राहणाऱ्यास चकती एक दिवस आधी बदलावी लागेल, हे गृहीत धरावे. पिशवीच्या प्लॅस्टिकखाली पातळ सुती कापडाचे आवरण शिवून घेतल्यास घामोळे टळते. पिशव्यांचा साठा दुचाकीच्या डिकीत किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नये. उष्णतेने डिंक निकामी होतो.

पावसाळ्यात बुरशी वाढते. मधुमेही व्यक्तींना आणि नुकतीच प्रतिजैविके घेतलेल्यांना ती अधिक होते. मध्ये गडद चट्टा आणि त्याच्या कडेला विखुरलेले बारीक पुरळ, सोबत अतिशय खाज, ही तिची खूण. डॉक्टरांना दाखवून बुरशीनाशक पावडर घ्यावी. मलम लावल्यास चकती चिकटत नाही. घरात दुसऱ्यासाठी आणलेले स्टेरॉइडयुक्त मलम तर मुळीच लावू नये, त्याने बुरशी फोफावते आणि त्वचा पातळ होते.

चाकण, भोसरी, तळवडे परिसरातील कामगार शस्त्रक्रियेनंतर पुन्हा कामावर जाऊ शकतात. अवजड वजन उचलणे मात्र टाळावे, कारण त्याने स्टोमाभोवती हर्निया होण्याचा संभव असतो. फुगवटा आला की चकतीची कड उचलली जाते आणि गळती सुरू होते. सुरक्षा-पट्टा किंवा कमरेचा चामडी पट्टा स्टोमावर येत असेल तर कारखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना तसे सांगावे आणि विजारीला खांद्यावरचे पट्टे लावावेत. स्त्रियांच्या बाबतीत परकराची नाडी आणि निऱ्यांचा खोचा नेमका चकतीच्या कडेवर येतो. नाडी स्टोमाच्या वर किंवा खाली बांधावी, अथवा रुंद इलॅस्टिक वापरावे. ज्यांची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे त्यांनी स्टोमाची जागा आधी आखून देण्याची विनंती जरूर करावी. उभे राहून, बसून, वाकून पाहिल्यावर आणि नेहमीचा पोशाख लक्षात घेऊन आखलेली जागा पुढचे अनेक त्रास वाचवते.

आहार आणि पाणी

त्वचेच्या लेखात आहाराचे काय काम, असे वाटेल. पण स्राव जितका पातळ, तितकी गळती अधिक. इलिओस्टोमीत भात, केळे, उकडलेला बटाटा, साबुदाणा यांनी स्राव काहीसा घट्ट होतो. मक्याचे दाणे, शेंगदाणे, ओल्या खोबऱ्याचे तुकडे अडकू शकतात. ते टाळावेत किंवा अगदी थोडे, बारीक चावून खावेत. चाकणच्या बाजाराचा कांदा आणि लसूण यांनी वायू व वास वाढतो; ते आजार वाढवत नाहीत, म्हणून आपल्याला किती मानवते ते पाहून घ्यावे.

इलिओस्टोमीतून पाण्याबरोबर मीठही जाते. उन्हाळ्यात नुसते साधे पाणी पुष्कळ प्यायल्याने ही तूट भरत नाही, उलट स्राव वाढू शकतो. ओआरएसची पूर्ण पुडी पाकिटावर सांगितलेल्या मापाच्या पाण्यात मिसळून थोडे थोडे प्यावे. हृदयविकार, मूत्रपिंडविकार किंवा उच्च रक्तदाब असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारावे. चोवीस तासांत दीड लिटरहून अधिक स्राव जात असेल तर थांबू नये, दाखवावे. गळतीच्या भीतीने उपाशी राहणे हा उपाय नव्हे. रिकाम्या आतड्यातून पातळ आणि दाहक स्राव येतच राहतो.

एका झाडाची गोष्ट

आज आपण वापरतो त्या चकतीच्या इतिहासात आपल्या रानातील एका झाडाचा वाटा आहे. सह्याद्रीच्या कोरड्या उतारांवर पांढऱ्या, गुळगुळीत सालीचा कांडोळ वृक्ष दिसतो. पाने गळाल्यावर तो चांदण्यात भुतासारखा भासतो. त्याच्या डिंकाला जगाच्या बाजारात कराया म्हणतात आणि भारत हा त्याचा प्रमुख पुरवठादार देश. 1950 च्या दशकात अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकचे शल्यविशारद रूपर्ट टर्नबुल यांनी ही डिंकाची पूड स्टोमाभोवतीच्या सोललेल्या त्वचेवर वापरली. ती ओल शोषून घेई, चिकटून बसे आणि त्वचेला आच्छादन देई. 1958 मध्ये त्यांनी नॉर्मा गिल या स्वतः इलिओस्टोमी असलेल्या महिलेला रुग्णांना शिकवण्याच्या कामी घेतले आणि तेथून स्टोमा थेरपी हा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. पुढे पेक्टिन, जिलेटिन आणि सेल्युलोज यांपासून बनवलेल्या चकत्या आल्या. पण ओल शोषून त्वचा झाकण्याचे तत्त्व तेच राहिले. आणखी एक गोष्ट या इतिहासातून घेण्यासारखी आहे : ही विद्या आरंभापासून डॉक्टरांइतकीच रुग्णांनी घडवली आहे.

आपल्याकडे मुंबईतील टाटा मेमोरियल रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे आणि परिचारिकांना याचे प्रशिक्षण दिले जाते. ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही रुग्णांची संस्थाही मुंबईत काम करते. या भागातील रुग्णांनी जेथे शस्त्रक्रिया झाली तेथील शल्यविभागात, किंवा पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयात, स्टोमा सिस्टरबद्दल जरूर चौकशी करावी. पिशव्यांचा खर्च परवडत नाही म्हणून गळकी चकती ओढूनताणून वापरली जाते, हे आम्हा डॉक्टरांना ठाऊक असते. ते सांगण्यात संकोच नसावा. योग्य मापाची चकती जास्त दिवस टिकते, म्हणून मापाकडे लक्ष देणे ही काटकसरही आहे.

घरातील मंडळींसाठी

ज्येष्ठांचे हात थरथरतात, दृष्टी अधू असते, पोट सुटल्याने स्टोमा स्वतःला दिसत नाही. अशा वेळी आरशासमोर उभे राहून काम करावे, आधीच छिद्र पाडलेल्या चकत्या घ्याव्यात. जेवढे त्यांना जमते तेवढे त्यांनाच करू द्यावे. पिशवी रिकामी करणे त्यांनी, चकती बदलणे मुलाने किंवा सुनेने, अशी वाटणी अनेक घरांत उत्तम चालते. सासऱ्यांना सुनेकडून हे करून घेताना ओशाळवाणे वाटते आणि सुनेलाही ते सोपे नसते. म्हणून घरातील पुरुषांनीही हे काम शिकून घ्यावे. नाक मुरडणे, दार उघडे ठेवणे, पाहुण्यांसमोर विषय काढणे यांनी जे दुखते ते त्वचेपेक्षा खोल असते. स्टोमा असलेली व्यक्ती आंघोळ करू शकते, पूजा करू शकते, स्वयंपाक करू शकते, आळंदी-देहूला जाऊ शकते. यात विटाळाचे काहीही नाही. बाहेर जाताना कापून तयार ठेवलेली चकती, पिशवी, कापड, पाण्याची छोटी बाटली आणि कपड्यांचा एक जोड झोळीत असला की धास्ती पुष्कळ कमी होते.

वापरलेली पिशवी शौचालयात रिकामी करून, वर्तमानपत्रात आणि मग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून घंटागाडीत वेगळी द्यावी. ती शौचालयात टाकू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पुढील गोष्टी दिसल्यास त्याच दिवशी दाखवावे : त्वचेवरील ओली जखम दोन-तीन दिवसांत सुधारत नसेल, कडा जांभळ्या असलेला, अतिशय दुखणारा व्रण झाला असेल, बरोबर चकतीच्या आकाराचा खाजरा चट्टा उठला असेल, कारण ती त्या पदार्थाची ॲलर्जी असू शकते, युरोस्टोमीभोवती करड्या-पांढऱ्या क्षारांचा खडबडीत थर साचला असेल, अथवा फुगवटा वाढत असेल.

तातडीने रुग्णालय गाठावे ते असे : स्टोमा काळा, जांभळा किंवा फिकट पांढरा पडला, दाबून धरूनही रक्त थांबत नाही, विशेषतः यकृताचा आजार असताना, स्राव अचानक बंद होऊन पोट फुगले, कळा आणि उलट्या सुरू झाल्या, किंवा स्राव अतिशय वाढून लघवी कमी झाली आणि गुंगी येऊ लागली.

ही यादी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी आणि तिच्याशेजारी स्टोमाच्या मापाचा तारीख घातलेला कागद लावावा. पुढच्या वेळी दवाखान्यात येताना तो कागद आणि एक वापरलेली, स्वच्छ गुंडाळलेली चकती सोबत आणावी. तिची मागची बाजू पाहिली की निम्मे निदान होते.